‘आरोपीस शिक्षेबाबत ऐकले’: राज्यातील न्यायाधीशांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सत्र न्यायाधीश आणि न्यायदंडाधिकारी यांस,

महोदय, महोदया,

मी तालुक्याच्या कोर्टात अठरा वर्षे वकिली करते आहे. त्यातली बारा वर्षे विधी सेवा समितीच्या पॅनेलवर. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात. कोर्टात आपल्याशी बोलताना समोर दिवसभराच्या केसेसचा बोर्ड असतो, भिंतीवर घड्याळ असते आणि पुढच्या केसचे वकील बाह्या सावरत उभे असतात. तिथे जे कधी पूर्ण बोलून होत नाही ते इथे लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाच आरोपी, चार पुरुष आणि एक बाई, सगळे फासेपारधी. जुन्या दंडसंहितेची कलमे 399 आणि 402, म्हणजे दरोड्याची तयारी आणि त्यासाठी जमणे. मुद्देमालात एक कटावणी, नायलॉनची दोरी, दोन कोयते आणि पाव किलो मिरची पूड. मिरची पूड बाईच्या पिशवीतली. ती सांगत होती की त्याच पिशवीत पीठ होते, मिठाची पुडी होती, बाजार करून पालावर निघाले होते. पीठ आणि मीठ पंचनाम्यात आले नाही. मिठाने दरोडा पडत नाही.

निकाल दुपारी पावणेएकला लागला. दोषी. मग न्यायाधीशांनी, अगदी सज्जन माणूस, चष्म्यावरून बघत विचारले, “शिक्षेबाबत काही म्हणायचे आहे का?”

ती म्हणाली, “साहेब, म्या काय केलं न्हाई.”

“ते झालं. शिक्षेबद्दल सांगा.”

“म्या नव्हतेच तिथं.”

निकालपत्राची नक्कल हातात आली तेव्हा त्यात होते: ‘आरोपी क्र. 5 हिस शिक्षेच्या प्रश्नावर ऐकले. ती गरीब असून तिला लहान मुले आहेत, सबब दया दाखवावी अशी तिची विनंती आहे.’ गरीब, लहान मुले, दया, यांतला एकही शब्द ती बोलली नव्हती. ते मी बोलले होते. आणि खरे सांगायचे तर मीही ते त्या दिवशी विचार करून बोलले नव्हते, तोंडात बसलेले होते म्हणून बोलले. बाराशे केसेसना लावलेला एकच रबरी शिक्का. पाचही जणांना तीन वर्षे सक्तमजुरी झाली. जामीनदार न मिळाल्यामुळे बाई चौदा महिने आधीच आत होती, तेवढे वजा झाले.

दोषी ठरली हे बरोबर की चूक, ते अपिलात ठरेल. माझे म्हणणे त्यानंतरच्या दोन मिनिटांबद्दल आहे.

ही दोन मिनिटे कायद्याने रिकामी ठेवलेली नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 235(2), आता नागरिक सुरक्षा संहितेतले 258(2), सांगते की दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर ऐकायचे. 1976 मध्ये सांता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे ऐकणे म्हणजे नुसते चार शब्द तोंडी घेणे नव्हे, आरोपीची पार्श्वभूमी दाखवणारी सामग्री पुढे आणायची संधी त्यात आली. मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने फाशीच्या प्रकरणांत तर सरकारकडूनच आरोपीच्या आयुष्याची माहिती मागवायला सांगितले: प्रोबेशन अधिकाऱ्याचा, म्हणजे आरोपीच्या घरा-परिस्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी माणसाचा अहवाल, तुरुंगातले वर्तन, मानसिक स्थिती. म्हणजे माणूस फासाच्या दोराखाली उभा राहिला की आपण त्याला विचारतो, बाबा रे, तू कुठे जन्मलास, शाळेत गेलास का, तुला कोणी मारत होते का. तीन वर्षे, पाच वर्षे, सात वर्षे जाणाऱ्याला विचारत नाही. आणि आपल्याकडच्या तुरुंगांत शिक्षा भोगणारे जवळजवळ सगळे फाशी नसलेलेच.

आपण म्हणाल, कोर्ट जात पाहत नाही, बाई-पुरुष पाहत नाही, कृत्य पाहते. मला हे पटले असते, जर ती जात आणि ते बाईपण फायलीत आधीच आलेले नसते. ते येते. मागच्या दाराने येते. पोलीस कोठडी मागताना देतात त्या रिमांड रिपोर्टच्या दुसऱ्या परिच्छेदात येते: ‘आरोपी हे सराईत गुन्हेगार असून टोळीने वावरतात, त्यांना कायमस्वरूपी राहण्याचे ठिकाण नाही.’ माझ्या त्या अशीलावर आधीच्या तीन केसेस दाखवल्या होत्या. तिन्हींत ती निर्दोष सुटली होती. त्यांपैकी दोन वेळा तिला उचलले होते ते नवरा सापडेना म्हणून. तो हजर झाला की बाईला सोडायचे, ही रीत पालावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. तीन वेळा निर्दोष सुटलेली बाई चौथ्या वेळी ‘सराईत’ होते, कारण रजिस्टरमध्ये उचलल्याची नोंद असते, सुटल्याची नसते.

‘सराईत’ हा शब्द कुठून आला ते आपल्याला मी सांगायला नको. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, 1911 नंतर तो मुंबई इलाख्यात आला, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणामागे पिढ्या गेल्या. रोज हजेरी, गावाबाहेर जायला पास. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला आणि माणसे ‘विमुक्त’ झाली. सात वर्षांत मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला, 1959 चा. जमातीचे नाव गेले, विशेषण राहिले. पुढे सरकारी याद्यांनी फासेपारध्याला अनुसूचित जमातीत घातले आणि राजपारध्याला विमुक्त जातींत. ठाण्याच्या डायरीला हा फरक अजून कळलेला नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवरची कामवाटप रद्द केली आणि हेही सांगितले की विमुक्त जमातींकडे जन्माने गुन्हेगार म्हणून पाहणे चालणार नाही, सराईत कोण ते कायद्याच्या व्याख्येनेच ठरेल. त्या निकालाची प्रत आमच्या बार रूममध्ये आहे. रिमांड रिपोर्टचा दुसरा परिच्छेद आहे तसाच आहे.

बाईच्या बाबतीत या शब्दाला एक जुळे भावंडही आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा प्रकरण म्हणून आपण सर्वांनी ते एलएल.बी.ला वाचलेले आहे. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये आरोपींना सोडताना तिला खोटारडी ठरवले आणि ‘समागमाची सवय असलेली’ म्हटले. नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा पुसली, अंगावर जखमा नव्हत्या म्हणून. वर्षभराने उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून उठलेल्या आवाजामुळे 1983 मध्ये कायदा बदलला. (खुले पत्र लिहिण्याचा धीर मला तिथूनच आला, हे कबूल करते. त्यांची विद्वत्ता मात्र माझ्याकडे नाही.)

फिर्यादी म्हणून उभी राहिली तर ‘सवयीची’, आरोपी म्हणून उभी राहिली तर ‘सराईत’. पिंजरा बदलतो, शब्दाचे मूळ तेच. दोन्ही वेळा अर्थ एकच, की हिचे जे काही झाले ते नवे नाही, तेव्हा फार विचार करायचे कारण नाही.

आता बाईपणाच्या सवलतीकडे येते, कारण आपल्यापैकी अनेकांना प्रामाणिकपणे वाटते की आपण बायकांशी सौम्यपणे वागतो. वागता, मी पाहिले आहे. नणंद-भावजयीच्या भांडणात डोके फुटले, सोसायटीच्या पैशांत अफरातफर झाली, आरोपी बाई साडीचा पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली, मागे नवरा, सासरा, हातात टिफिनची पिशवी. अशा बाईला शिक्षा देताना न्यायाधीशाचा हात अडखळतो. ‘आरोपी ही गृहिणी असून तिच्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे’ हे वाक्य मग आपोआप येते आणि बऱ्याचदा दंड किंवा कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा होते. त्यात चूक नाही. पण ही दया बाईला मिळत नाही, घराला मिळते. जिला दार-उंबरा आहे तिला मिळते. पालावरची बाई हातभट्टी लावते, भांडते, पोलिसाला शिवी देते, मूल कडेवर घेऊन कोर्टाच्या आवारात विडी ओढते. तिच्यावरही कुटुंबाची जबाबदारी असते, खरे तर एकटीवर असते, पण ती ‘गृहिणी’ या शब्दात मावत नाही. उलट मुले सोबत असणे हाच तिच्याविरुद्धचा मुद्दा होतो: मुलांना पुढे करून चोऱ्या करतात.

शिवाय तीन वर्षे म्हणजे सगळ्यांना तीन वर्षे नसतात. देशातल्या कैद्यांत बायका शंभरात चारच्या आसपास. त्यामुळे त्यांच्यासाठीचे तुरुंगही थोडे. भायखळा, येरवडा, नाहीतर कुठल्या जिल्हा कारागृहातली एक बाजूची बरॅक. आमच्या तालुक्यातून येरवड्याला जायचे तर एका भेटीला दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. माझ्या अशीलाला तीन वर्षांत दोन भेटी झाल्या. सहा वर्षांखालच्या मुलाला आईजवळ ठेवता येते, 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालाने त्याची नीट व्यवस्था लावून दिली आहे. तिचा धाकटा चार वर्षांचा होता, तो सोबत गेला आणि सहा पूर्ण झाल्यावर बाहेर आला. घेऊन यायला मी आणि तिची थोरली मुलगी गेलो होतो. फाटकाबाहेर त्याने पहिल्यांदा एसटी पाहिली आणि तो तिच्या मागे लपला. थोरली तेव्हा तेरा वर्षांची. आश्रमशाळा सोडून ती दोन भावंडांना सांभाळत होती. न्यायालयाने शिक्षा आरोपी क्र. 5 ला दिली होती; भोगली किती जणांनी, ते निकालपत्रात कुठे लिहायचे असते का, मला खरेच माहीत करून घ्यायचे आहे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. कॅनडाच्या संसदेने 1996 मध्ये दंडसंहितेत एक तरतूद घातली: तुरुंगाखेरीज दुसरी कोणती शिक्षा पुरेशी होईल ते आधी बघा, आणि आदिवासी आरोपींच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्या. तिचा अर्थ लावण्याची पहिली वेळ आली ती ग्लॅड्यू नावाच्या, क्री या आदिवासी समाजाच्या तरुण बाईच्या खटल्यात. एकोणिसाव्या वाढदिवसाच्या रात्री भांडणात तिच्या हातून जोडीदार मारला गेला, तीन वर्षांची शिक्षा झाली. खालच्या न्यायाधीशांनी म्हटले होते की ती शहरात राहते, राखीव वस्तीवर नाही, तेव्हा तिच्या आदिवासी असण्याचा विचार करायचे कारण नाही. 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. माणूस वस्ती सोडतो, इतिहास त्याला सोडत नाही. गंमत म्हणजे तिची स्वतःची शिक्षा त्यांनी बदलली नाही. पण तेव्हापासून तिथे शिक्षेआधी आरोपीच्या आयुष्याचा अहवाल बनतो आणि त्याला तिचेच नाव पडले आहे. 2012 मध्ये इपेली खटल्यात आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली: अमुक दुःखामुळेच तमुक गुन्हा घडला असा थेट धागा आरोपीने सिद्ध करायची गरज नाही.

यावर आपल्यातले अभ्यासू लगेच विचारतील, मग तिथे काय फरक पडला? प्रश्न योग्य आहे. कॅनडाच्या केंद्रीय तुरुंगांतल्या बायकांमध्ये आज जवळपास निम्म्या आदिवासी आहेत, लोकसंख्येत हा समाज शंभरात पाचच्या आसपास असताना. कायदा आला तेव्हापेक्षा हे प्रमाण वाढले आहे. अहवाल सगळीकडे होत नाहीत, आणि पोलीस कुणाला उचलतात, जामीन कुणाला मिळतो, हे सगळे शिक्षेच्या आधी घडून गेलेले असते. तेव्हा ती तरतूद आपल्याकडे उचलून आणा असे मी म्हणत नाही. मला तिथले फक्त एक हवे आहे. तिथे न्यायाधीशाला निकालात लिहावे लागते की ही व्यक्ती कोण आहे ते मी पाहिले. पाहून कडक शिक्षा देता येते. न पाहता देता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला बार रूममध्ये रोज ऐकावा लागतो. ज्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र वस्तीवर रात्री ओढून नेले, तिचे काय? तिलाही लहान मुले आहेत. ती पुढचे वर्षभर दिवे लागल्यावर अंगणात जात नाही. मी अशा फिर्यादींच्या बाजूनेही उभी राहिले आहे आणि त्यांची भीती मला पारधी अशीलाच्या दुःखाने खोडून काढायची नाही. पण ती भीती आहे म्हणून पालावरची कुठलीही बाई चालेल, हे साप साप म्हणून भुई धोपटणे झाले. 2003 च्या एका दरोडा-खुनाच्या खटल्यात राज्यातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी ठरवली होती. 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षे गेली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ज्या घरावर तो घाला पडला, त्या घरालाही सोळा वर्षांनी काय मिळाले?

आणि समानतेचा मुद्दा. जामिनाच्या तरतुदीत स्त्रीचा वेगळा विचार कायद्यानेच सांगितला आहे, जुने 437, नवे 480. पहिल्यांदा दोषी ठरलेल्या कोणत्याही वयाच्या स्त्रीला, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा उल्लेख नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 401 मध्ये आहे. प्रोबेशनचा 1958 चा कायदा लागू असताना हे कलम चालते का, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. पण त्याच संहितेच्या 402 मध्ये दोन्हींचे नाव आहे आणि ते म्हणते की असा लाभ देता आला असता तरी दिला नाही, तर विशेष कारणे निकालात लिहा. ‘अशा गुन्ह्यांचे वाढते प्रमाण पाहता’ हे विशेष कारण नव्हे, ते वर्तमानपत्रातले वाक्य आहे. 1 जुलै 2024 पासून तर पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर नव्या दंडसंहितेच्या, म्हणजे न्याय संहितेच्या 303 नुसार समाजसेवेचीच शिक्षा आहे. परवा मला एका सहकाऱ्याने विचारले, पारध्याच्या बाईला कुठली समाजसेवा देणार, कोण तिला आवारात घेणार? विनोद म्हणून विचारले होते.

26 नोव्हेंबर 2022 ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून बोलल्या. थोबाडीत मारल्यासारख्या गोष्टींवरून वर्षानुवर्षे आत असलेल्या माणसांबद्दल, आणि नवे तुरुंग बांधायची गरज का पडावी याबद्दल. समोर सरन्यायाधीश आणि कायदामंत्री बसलेले होते. तीनच दिवसांत न्यायालयाने, जामीन मंजूर होऊनही बाहेर पडू न शकलेल्यांची माहिती राज्यांकडून मागवली. एका आदिवासी बाईने ते ऐकवायला तिला राष्ट्रपती व्हावे लागले.

माझे मागणे लहान आहे. सुकन्या शांता निकालाने तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, तेव्हा मी निकालपत्रात जात लिहा असे म्हणते आहे असा अर्थ कृपया काढू नये. जातीचा रकाना नको, आयुष्याचा हवा. शिक्षा सुनावण्याआधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवा. एकवीस वर्षांखालच्यांसाठी कायद्याने तो बंधनकारकच आहे, इतरांसाठी आपल्याला कोणी अडवलेले नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी निदान एक वेगळी तारीख द्या. ‘सराईत’ शब्द समोर आला की सरकारी वकिलांना विचारा, दोषी कितीदा ठरली? आणि आरोपीला तिला कळेल अशा भाषेत सांगा की गुन्ह्याचे बोलून झाले, आता तुझ्याबद्दल सांग. उत्तनच्या न्यायिक अकादमीत नव्या न्यायाधीशांना हे दोन वाक्यांचे मराठी शिकवता आले, तर माझ्यासारख्यांचा अर्धा युक्तिवाद वाचेल.

गेल्या काही महिन्यांपासून मी स्वतःचा रबरी शिक्का टाकून दिला आहे. प्रत्येक अशीलाबरोबर अर्धा तास बसते आणि एक पान लिहून शिक्षेच्या वेळी जोडते: जन्म कुठे, किती गावे बदलली, शाळा, लग्नाचे वय, मुले, आधी कितीदा उचलले आणि त्याचे पुढे काय झाले. बहुतेकदा पान फायलीला टाचले जाते आणि तिथेच राहते.

मागच्या महिन्यात चोरीच्या एका केसमध्ये न्यायाधीश मॅडमनी ते वाचले. पान उलटून मागे काही लिहिले आहे का तेही पाहिले. मग पिंजऱ्यातल्या बाईला विचारले, “थोरली कितवीत होती?”

बाई माझ्याकडे बघायला लागली. बारा वर्षांत मी कोर्टात हा प्रश्न ऐकला नव्हता, तिने कुठून ऐकलेला असणार.

“सातवीतून काढली, मॅडम. धाकटी कुणाकडं टाकू?”

मॅडमनी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवला आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या तारखेला अहवाल आला नव्हता; एका अधिकाऱ्याकडे तीन तालुके आहेत म्हणे. सातबारावाला जामीनदार नसल्यामुळे बाई आतच आहे. पुढची तारीख 18 ची पडली आहे.

आपली,
विधी सेवा पॅनेलवरची एक वकील